कंट्रोलरची पाळी बदलते तेव्हा आकाशात काय घडतं

१० सप्टेंबर १९७६ची सकाळ. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या झाग्रेबच्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रात एक कंट्रोलर पाळीवर वेळेत पोचला नाही. ज्याला तो सोडवणार होता, तो त्याला शोधायला जागेवरून उठला. दोघांनी सांभाळायच्या टेबलावर एकच माणूस उरला. स्थानिक वेळेनुसार सव्वाअकराच्या सुमारास, ३३,००० फुटांवर, दोन प्रवासी विमानं एकमेकांवर आदळली. १७६ माणसं गेली. कुणीही वाचलं नाही.

पाळीवर यायला उशीर कुठल्याही खात्यात होतो. एरवी त्याची किंमत थोडी चिडचिड, फार तर एखादा मेमो. इथे ती इतकी मोठी का झाली, हे समजायचं तर आकाशात विमानांमधलं अंतर राखण्याचं काम कसं चालतं, ते आधी पाहावं लागेल.

नियम तसा सरळ आहे. दोन विमानांत आडवं अंतर तरी पुरेसं हवं किंवा उभं तरी. दोन्हींपैकी एक असलं की चालतं. रडार असलेल्या भागात उंचावरून जाणाऱ्या विमानांसाठी आडवं अंतर सहसा ५ नॉटिकल मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर ठेवतात. विमानतळाच्या आसपास ते ३ नॉटिकल मैलांपर्यंत, म्हणजे साडेपाच किलोमीटरपर्यंत आणता येतं. उभं अंतर १,००० फूट. झाग्रेबच्या काळात २९,००० फुटांच्या वर ते २,००० फूट ठेवावं लागे, कारण तेव्हाची उंची मोजायची यंत्रं तिथे तितकी भरवशाची नव्हती. युरोपात २००२ मध्ये आणि भारतात २००३ मध्ये ते १,००० फुटांवर आलं. उंची सांगताना शेवटची दोन शून्यं गाळतात. ३३० म्हणजे ३३,००० फूट.

ही दोन्ही अंतरं एकाच वेळी कमी पडली, की ‘सेपरेशन मोडलं’ असं म्हणतात. टक्कर त्याच्या बरीच पुढची गोष्ट आहे. बहुतेक वेळा विमानं सुखरूप निघून जातात आणि प्रवाशांना कळतही नाही. तरी ही घटना गंभीर का मानतात, ते एका हिशेबात दिसतं. ताशी ९०० किलोमीटरने समोरासमोर येणारी दोन विमानं मिळून सेकंदाला अर्धा किलोमीटर अंतर खातात. सव्वानऊ किलोमीटर संपायला साडेअठरा सेकंद पुरतात. तेवढ्यात कंट्रोलरने पाहायचं, ठरवायचं, बोलायचं, वैमानिकाने ऐकायचं, समजून घ्यायचं आणि शंभराहून अधिक माणसांनी भरलेलं विमान वळवायचं.

सगळं आकाश एका माणसाच्या हाती देता येत नाही, म्हणून त्याचे भाग पाडतात. त्यांना सेक्टर म्हणतात. सेक्टर नकाशावर आडवे असतात, तसे इमारतीच्या मजल्यांसारखे एकावर एकही असतात. मुंबईहून दिल्लीला जाणारं विमान एका आवाजाकडून दुसऱ्या आवाजाकडे, एका फ्रीक्वेन्सीवरून दुसरीवर सोपवलं जात पुढे सरकतं. व्यस्त सेक्टरच्या टेबलावर सहसा दोघं बसतात. एकजण रडारसमोर बसून वैमानिकांशी बोलतो. दुसरा शेजारच्या सेक्टरांशी फोनवर बोलून पुढे येणाऱ्या विमानांची आखणी करतो. म्हणजे सोपवासोपवी दोन तऱ्हेची असते. विमान एका सेक्टरकडून दुसऱ्याकडे जातं, आणि खुर्ची एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते. या दोन्ही एकाच वेळी घडल्या, की अडचण वाढते. झाग्रेबला नेमकं तेच झालं.

आता खुर्ची बदलण्याबद्दल. कंट्रोलर लोक ‘पिक्चर’ हा शब्द फार वापरतात. पिक्चर म्हणजे डोक्यात उभं राहिलेलं आकाशाचं चित्र. पडद्यावर विमानांचे ठिपके दिसतात, शेजारी नाव, उंची, वेग दिसतो. पण पडद्यावर कंट्रोलरचा बेत दिसत नाही. समजा एक विमान ३५०वर उत्तरेकडे चाललंय, दुसरं ३५०वरच पूर्वेकडे. बारा मिनिटांनी त्यांच्या वाटा एकमेकींना छेदणार आहेत. कंट्रोलरने ते केव्हाच हेरलंय. त्याने मनात ठरवलंय, की ३३०वरचं तिसरं विमान पुढे सरकलं की या दोघांतल्या एकाला तिथे उतरवायचं. अजून कुणाला काही सांगितलेलं नाही, कारण सांगायची वेळ आलेली नाही. त्याच्यापुरता हा प्रश्न सुटलेला आहे. एवढ्यात त्याची पाळी संपते. तो म्हणतो, सगळं शांत आहे, आणि उठतो. तो खोटं बोललेला नाही, त्याच्या चित्रात खरंच सगळं शांत आहे. नव्या माणसाला मात्र दोन ठिपके दिसतात, एकमेकांपासून लांब असलेले.

या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं काही असेल तर ते हेच, असं मला वाटतं. विमानं सोपवता येतात, पण अर्धवट राहिलेला विचार सोपवणं फार कठीण असतं. हातातल्या विचाराकडे माणूस माहिती म्हणून पाहतच नाही. तो काम म्हणून पाहतो, आणि मनातल्या मनात ते झालेलं असतं. निघणाऱ्याला ज्या गोष्टी सगळ्यात उघड वाटतात, त्याच बोलायच्या राहतात. येणारा आणखी एका अडचणीत असतो. त्याला स्वतःचं चित्र नव्याने उभं करायला वेळ लागतो, पण जबाबदारी ‘माझ्याकडे आलं’ म्हणताक्षणी येते. त्या मधल्या काळात आकाश कोणाच्याच डोक्यात पूर्ण नसतं. नवा माणूस खुर्चीत बसल्यावरची पहिली काही मिनिटं नाजूक असतात, हे वेगवेगळ्या देशांच्या घटना-नोंदींत पुन्हापुन्हा दिसलेलं आहे.

त्यात माणसांमधलं नातंही येतं. निघणारा वरिष्ठ असेल आणि येणारा दोन वर्षांचा, तर ‘हे पुन्हा एकदा सांगाल का?’ असं विचारायला जीभ रेटत नाही. निघणारा थकलेला असतो. हेडसेट काढायच्या आधीच त्याचं मन बाहेर गेलेलं असतं. कंट्रोलरांना दीड-दोन तासांनी विश्रांती देतात ती योग्यच आहे, कारण इतकं एकाग्र राहणं त्याहून जास्त वेळ जमत नाही. पण विश्रांती जितक्या वेळा, तितक्या वेळा खुर्चीची अदलाबदल.

आता पुन्हा झाग्रेबला जाऊ.

झाग्रेब हा तेव्हा युरोपातल्या अतिशय गर्दीच्या चौकांपैकी एक होता. उत्तर युरोपातून तुर्कस्तान आणि त्यापुढे जाणारी वाहतूक तिथून जायची. कंट्रोलर पुरेसे नव्हते. आकाशाचे तीन मजले केलेले होते: खालचा २५०पर्यंत, मधला २५० ते ३१०, आणि वरचा त्याच्याही वर. वरच्या मजल्याच्या टेबलावर ग्रादिमिर तासिच हा तरुण कंट्रोलर होता. त्याच्या शेजारचा सहकारी बदली आली नाही म्हणून उठून गेला, आणि रेडिओवरचं बोलणं, फोन, आखणी, सगळं तासिचवर आलं.

ब्रिटिश एअरवेजचं ट्रायडंट विमान लंडनहून इस्तंबूलला निघालं होतं. ते ३३०वर होतं आणि त्याने तासिचला रीतसर कळवलं होतं, की झाग्रेबच्या दिशादर्शक केंद्रावरून आपण चौदाव्या मिनिटाला, म्हणजे अकरा वाजून चौदा मिनिटांनी, जाऊ. इनेक्स-आद्रिया कंपनीचं डीसी-९ स्प्लिटहून कोलोनला निघालं होतं. ते मधल्या मजल्यावर २६०ला होतं आणि त्याला वर जायचं होतं. मधल्या कंट्रोलरने सांगितलं, ३१० रिकामी नाही, ३५०वर जाल का? वैमानिक हो म्हणाला. २६०वरून ३५०ला जायचं तर वाटेत ३३० ओलांडावी लागणार. त्यामुळे वरच्या मजल्याची परवानगी हवी. मधल्या टेबलावरचा सहकारी ती घ्यायला तासिचच्या टेबलाशी गेला.

तासिच त्या वेळी रेडिओवर दुसऱ्या विमानांशी बोलत होता. मधल्या टेबलाच्या समजुतीनुसार परवानगी मिळाली. तासिचला मात्र एक विमान आपल्या मजल्यात चढत येतंय, आणि ते ट्रायडंटच्या वाटेवर, ही जाणीव राहिलेली दिसत नाही. घाईघाईत टेबलाच्या कडेला उभं राहून झालेलं एक बोलणं, आणि त्याचे दोन अर्थ. शेजारी नेहमीचा सहकारी बसलेला असता तर ही बोलणी त्याच्याशी झाली असती. त्याचं कामच ते होतं.

मग मधल्या कंट्रोलरने डीसी-९ला वरच्या फ्रीक्वेन्सीवर जायला सांगितलं आणि ट्रान्सपॉन्डर स्टँडबायवर ठेवायला सांगितलं. ट्रान्सपॉन्डर म्हणजे विमानाची ओळख आणि उंची रडारला कळवणारं यंत्र. ते स्टँडबायवर गेल्यावर तासिचच्या पडद्यावर त्या विमानाची उंची दिसेना. डीसी-९चा त्याला पहिला कॉल आला तो सुमारे दोन मिनिटांनी. तेव्हा ते ३२५ ओलांडून चढत होतं आणि म्हणालं, झाग्रेबला चौदाव्या मिनिटाला.

त्या क्षणी तासिचला सगळं उमगलं असावं. तोपर्यंत तो इंग्रजीत बोलत होता, आता तो एकदम आपल्या भाषेत, सर्बो-क्रोएशियनमध्ये बोलू लागला. आहे त्या उंचीवर थांबा, असं त्याने सांगितलं. वैमानिकाने विचारलं, कोणत्या उंचीवर? आता आहात तिथेच, समोर ३३५वर विमान आहे. वैमानिक म्हणाला, ठीक, आम्ही बरोबर ३३०वर थांबतो. ट्रायडंट प्रत्यक्षात ३३०वरच होतं. ही चढाई थोपवली नसती, तर डीसी-९ बहुधा ट्रायडंटच्या वरून निघून गेलं असतं. पहिल्या कॉलपासून टक्कर होईपर्यंत मिनिटभरही गेलं नाही. ट्रायडंटच्या वैमानिकांना ती भाषा येत नव्हती. आपल्याबद्दल काहीतरी बोललं जातंय, हेही त्यांना कळलं नसणार.

नंतर खटला चालला. आठ जणांवर आरोप ठेवले गेले. शिक्षा झाली फक्त तासिचला, सात वर्षांची. जगभरच्या कंट्रोलरांनी त्याच्यासाठी आवाज उठवला, शिक्षा कमी झाली आणि १९७८च्या अखेरीस तो सुटला. त्याच्या हातून चूक झाली नाही असं मी म्हणत नाही. पण माणसं कमी असताना तेवढ्याच माणसांवर इतकी वाहतूक चालवायचं कुणी ठरवलं? बदली समोर उभी राहिल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, हा नियम कडकपणे का पाळला जात नव्हता? हे प्रश्न न्यायालयात शिक्षेपर्यंत पोचलेच नाहीत. शेवटच्या मिनिटात ज्याच्या हाती माइक होता, तो दोषी ठरला.

जवळजवळ सव्वीस वर्षांनी, १ जुलै २००२च्या रात्री, जर्मनीतल्या युबरलिंगेन गावावर असंच घडलं. ते आकाश झ्युरिकच्या केंद्राकडे होतं. रात्रपाळीला दोन कंट्रोलर असताना एकजण विश्रांतीला गेला. हे तिथे चालायचं, वरिष्ठांना ठाऊकही होतं. उरलेल्या एकट्या माणसाला दोन पडदे सांभाळायचे होते. त्याच रात्री यंत्रणेच्या देखभालीचं काम निघालेलं होतं. मुख्य फोन बंद, रडार खालच्या दर्जाच्या व्यवस्थेवर, पडद्यावरचा धोक्याचा इशारा उपलब्ध नाही. या कामाचा आपल्यावर नेमका काय परिणाम होणार, याची त्याला पूर्ण कल्पना नव्हती. पाळी सुरू होताना नीट समजावून सांगायची ती हीच माहिती. तो दुसऱ्या पडद्यावर, उशिराने उतरणाऱ्या एका विमानात गुंतला होता. शेजारच्या कार्ल्सरूहे केंद्राला धोका दिसला, त्यांनी फोन लावायचा प्रयत्न केला, पण फोन लागेना.

बाश्किरियन एअरलाइन्सचं टूपोलेव्ह आणि डीएचएलचं मालवाहू बोइंग आदळली. ७१ जण गेले, त्यात बरीच शाळकरी मुलं होती. दोन्ही विमानांत टक्कर टाळणारं यंत्र, टीकॅस, होतं. त्याने बोइंगला खाली जा आणि टूपोलेव्हला वर जा असं सांगितलं. टूपोलेव्हने यंत्राऐवजी कंट्रोलरचं ऐकलं आणि तेही खाली गेलं. आज यंत्र आणि कंट्रोलर यांच्यात विसंगती असेल तर यंत्राचं ऐकायचं, हे जगभर स्पष्ट केलेलं आहे. २००४ मध्ये अपघातात बायको आणि मुलं गमावलेल्या एका माणसाने त्या कंट्रोलरचा त्याच्या घरी जाऊन खून केला. एवढ्या दुःखाला धरायला समोर एकच चेहरा होता. २००७ मध्ये स्विस न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा दोषी ठरले ते झ्युरिकचं नियंत्रण केंद्र चालवणाऱ्या कंपनीचे चार व्यवस्थापक. रात्री एकट्या माणसावर काम टाकण्याची पद्धत चालू देणारे. झाग्रेबच्या निकालापासून इथपर्यंतचं अंतर मला फार मोठं वाटतं.

खुर्ची सोपवण्याची रीत आता बरीच पक्की झाली आहे. अमेरिकेच्या नियमपुस्तकात तिचे चार टप्पे आहेत. येणाऱ्याने आधी काही न बोलता मागे बसून पडदा पाहायचा, आवाज ऐकायचे, स्वतःचं चित्र बांधायला सुरुवात करायची. मग निघणाऱ्याने तोंडी माहिती द्यायची, शक्यतो रेकॉर्ड होणाऱ्या लाइनवर, यादी समोर ठेवून. मग स्पष्ट शब्दांत जबाबदारी घ्यायची, म्हणजे ती नेमकी कोणत्या क्षणी कुणाकडे गेली यात संशय उरत नाही. आणि शेवटी उजळणी. या टप्प्यात निघणाऱ्याने जागेवर थांबून पाहायचं, काही सुटलं का, नव्या माणसाला मदत हवी का.

युरोपात माहिती देण्याचा एक क्रम शिकवतात: आधी हवामान, मग उपकरणं, मग एकूण परिस्थिती, सगळ्यात शेवटी विमानं. पहिल्यांदा वाचताना हा उलटा वाटतो, विमानं आधी नकोत का? पण विमानांची माहिती सगळ्यात लवकर शिळी होते. ती आधी सांगितली तर हवामानाचं बोलणं संपेपर्यंत विमानं पंचवीस-तीस किलोमीटर पुढे गेलेली असतात.

आणखी एक शहाणपणाची सवय आहे. गुंता चालू असताना खुर्ची सोपवायची नाही. दोन विमानांचा प्रश्न मनात सोडवलाय, पण सूचना दिलेली नाही? मग आधी सूचना द्या, वैमानिकाचं उत्तर ऐका, मग उठा. किंवा निदान तो बेत बोलून दाखवा. नवीन इलेक्ट्रॉनिक यंत्रणांत वैमानिकाने कोणती उंची निवडली आहे हेही पडद्यावर दिसतं, वाटा छेदणार असतील तर यंत्र आधी इशारा देतं. याने खूप फरक पडला. पण न दिलेली सूचना अजूनही कुठल्याच पडद्यावर दिसत नाही.

आपल्याकडचं एक उदाहरण पाळी बदलण्याचं नाही, पण त्याच जातकुळीचं आहे. ७ जानेवारी २०२२, बंगळुरू. दोन समांतर धावपट्ट्या, उत्तरेची उड्डाणांसाठी, दक्षिणेची उतरण्यासाठी. पाळीच्या प्रमुखाने ठरवलं की आता एकच, उत्तरेची, वापरायची. दक्षिण टॉवरच्या कंट्रोलरपर्यंत हे पोचलं नाही. दोन्ही टॉवरनी जवळजवळ एकाच वेळी दोन विमानांना उड्डाणाची परवानगी दिली. एक कोलकात्याला, एक भुवनेश्वरला. उडाल्यावर दोघांच्या वाटा एकमेकींकडे झुकत गेल्या. दोन्ही विमानांत मिळून चारशेहून जास्त माणसं होती. रडारवर बसलेल्या कंट्रोलरने पाहिलं आणि दोघांना वेगवेगळ्या दिशांना वळवलं. त्या रडार-कंट्रोलरबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण चौकशीतून जे दिसतं ते जुनंच आहे: निर्णय एका डोक्यात झाला, आणि दुसऱ्या डोक्यात जायचा राहिला.

हे सगळं वाचताना वाटतं, की मग सगळीकडे ही रीत पाळतच असतील. पाळायची तर तिला माणसं लागतात. साधा हिशेब करू. एका सेक्टरच्या टेबलावर दोन खुर्च्या. दर दोन तासांनी बदल धरला तर चोवीस तासांत प्रत्येक खुर्चीचे बारा, दोन्हींचे मिळून चोवीस बदल. प्रत्येक बदलाला येणाऱ्याची आधी बघण्याची पाच मिनिटं आणि निघणाऱ्याची थांबण्याची पाच मिनिटं, म्हणजे दहा. चोवीस गुणिले दहा, दोनशे चाळीस मिनिटं. एका सेक्टरमागे रोज चार माणसी-तास. या चार तासांत एकही जादा विमान पुढे जात नाही, कुठल्याही अहवालात त्यांचा आकडा येत नाही. भारतात विमानवाहतूक ज्या वेगाने वाढली त्या वेगाने कंट्रोलर वाढले नाहीत, हे संसदेच्या समितीनेही नोंदवलं आहे. हे चार तास रोस्टर लिहितानाच धरलेले असतील, तर निघणारा थांबतो. धरलेले नसतील तर त्याला पुढच्या टेबलावर जायचं असतं, आणि तो हेडसेट काढून जातो.